विहीणबाईंचं आडवं झाड

माझ्या मुलीच्या सासूबाईंनी मला फसवलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो, पाहुण्यारावळ्यांत सांगतो आणि आता लिहूनही ठेवतो. देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंत बांधकामाच्या धंद्यातला कुणीही विचारा, सौद्यात मला कुणी हरवलंय का. सेंट्रिंगच्या फळ्या आणि बल्ल्या भाड्यानं देत देत मी इथवर आलो. पाठीशी बाप नव्हता, बँक नव्हती. होती ती जीभ. अशा मला ज्या बाईनं हरवलं ती भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नाही. तो सांगेल ते देते, वर त्याला कोथिंबिरीचं आणि गाजराचं कूळ एकच असल्याचं समजावून येते. अशा माणसाकडून हरणं फार लागतं.

लग्नाची बैठक आमच्या कामशेतच्या भाड्याच्या घरी झाली. स्थळ मध्यस्थानं आणलेलं. मुलगा चांगला, पुण्यात नोकरीला, वडील नाहीत, आई लोणावळ्यात तुंगार्लीला राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. एवढ्यावर मी माणूस ओळखला, किंवा ओळखला असं मला वाटलं. शिकलेली विधवा बाई, एकुलता एक मुलगा. मानपानात चोखंदळ असणार. म्हणून मी तयारीनिशी बसलो होतो. साड्या कुणाकुणाला, पैठणी कुणाला, कुठं ताणायचं, कुठं सोडायचं, सगळं डोक्यात पक्कं. मी विचारलं, "विहीणबाई, मानाचं काय ते मोकळेपणानं बोला." त्या म्हणाल्या, "साड्या मी नेसत नाही फारशा, ड्रेसच बरा पडतो. मला एकच मान द्या. राजमाचीच्या वाटेला ओढ्याकाठी तुमची जागा आहे. तिथं बेहड्याचं एक झाड आडवं पडलंय. ते उचलायचं नाही, फोडायचं नाही. त्याचं त्याला कुजू द्यायचं."

माझ्या धंद्यात समोरच्यानं कवडीमोलाचं काही मागितलं की आधी खिसा चाचपायचा असतो. झाडाखाली काही पुरलंय का, झाड चंदनाचं आहे का, सगळं मनात फिरवून पाहिलं. बेहड्याच्या कुजक्या ओंडक्याला कुणी चुलीत घालायलाही नेत नाही. मी मनातल्या मनात पैठणीची पिशवी बंद केली आणि सर्वांसमक्ष शब्द दिला. आमची मंडळी स्वयंपाकघरातून बघत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "लय हुशार समजता ना स्वतःला. बाईनं येवढंच मागितलं म्हंजी त्यात काय तरी हाय." मी तिला गप्प केलं.

महिन्याभरानं जागेवर गेलो. त्या जागेत घर बांधायचं हे माझं फार जुनं स्वप्न. मी कान्हे गावात पत्र्याच्या एका खोलीत वाढलो. दुसऱ्यांच्या स्लॅबला टेकू देण्यात जन्म गेला, एक स्लॅब आपला असावा एवढीच इच्छा. जागेत शिरायला वाट एकच आहे, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ओढा, मधून जेमतेम ट्रक जाईल एवढी. आणि त्या वाटेच्या तोंडावर, कातळापासून ओढ्यापर्यंत, मोजून घातल्यासारखं ते झाड आडवं पडलेलं. जागा माझी, पण झाड नेमकं कुठं पडलंय ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. पुढं हेही कळलं की त्या गेली काही वर्षं तिथं येत होत्या, आणि मध्यस्थानं माझं नाव काढल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "ओढ्याकाठची ती जागा यांचीच ना?" म्हणजे त्यांना आधी झाड पसंत पडलं, आणि मग आमची मुलगी.

मी तसाच तुंगार्लीला गेलो, भांडायला. त्यांच्या घरात तेव्हा मी पहिल्यांदा शिरलो. पावसात भिजलेल्या वखारीत येतो तसा वास. ओट्यावर, कपाटात, टीव्हीवर प्लॅस्टिकचे डबे, डब्यांत कुजकं लाकूड, आणि लाकडात झुरळं. स्वयंपाकघरातली झुरळं नव्हेत. काळी, जाडजूड, चकचकीत, पुढच्या बाजूला ढाल लावल्यासारखी, आणि पंख कुणीतरी कुरतडून टाकल्यासारखे. मी दोन पावलं मागं सरलो. त्या म्हणाल्या, "घाबरू नका भाऊ, ही लाकडाबाहेरचं काही खात नाहीत. झुरळांच्या हजारो जाती जंगलात आपापल्या वाटेनं जगतात. चार-दोन जाती माणसाच्या घरात शिरल्या आणि सगळ्या घराण्याचं नाव खराब केलं." हे त्या इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाल्या की जणू मी त्यांच्या माहेराबद्दल काही बोललो होतो.

चहा करायला त्या उठल्या तेव्हा मी त्यांचा मसाल्याचा डबा पाहिला. तसा डबा महाराष्ट्रात दुसरा नसेल. जिरं, धने, ओवा आणि बडीशेप एका कप्प्यात, कारण ते एका कुळातले. हळद, सुंठ आणि वेलची दुसऱ्या कप्प्यात, कारण ती सख्खी भावंडं. मोहरी एकटी. मीठ कुठल्याच कुळात बसत नाही म्हणून खिडकीत. पुढं आमची मंडळी त्यांच्याकडे दोन दिवस राहिली, तिनं परत आल्यावर हात जोडले. "फोडणी घालायची तर आदी समद्यांचं नातं इचारावं लागतंय." दिसण्यावरून नातं सांगायचं नाही, हा विहीणबाईंचा जगण्याचा नियम आहे. आमच्या जावयाचं नाक माझ्या भावासारखं आहे असं कुणीतरी लग्नात म्हणालं, तर यांनी त्याला बाजूला घेऊन सारखेपणा आणि नातं यांतला फरक जेवण थंड होईपर्यंत सांगितला.

तोच फरक त्यांनी मलाही सांगितला, भांडण बाजूला ठेवून. लाकूड खाणाऱ्या झुरळांची दोन घराणी आहेत. एक घराणं परमुलखातल्या थंड डोंगरांत राहतं, आणि ते वाळवीचं सर्वांत जवळचं नातेवाईक. "वाळवी म्हणजे झुरळच, भाऊ. पूर्वी तिला वेगळं मांडायचे, आता घरात घेतलंय." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाळवीनं माझ्या किती फळ्या खाल्ल्या याचा हिशेब देव जाणे, आणि ही बाई तिला घरात घेते. पण त्या पुढं म्हणाल्या, की आपल्याकडची ही झुरळं त्या घराण्यातली नव्हेत. ही दुसऱ्याच शाखेची. राहणी तीच, खाणं तेच, पण नातं लांबचं. लाकडात शिरायची सवय दोघांना वेगवेगळी लागली. हे मात्र मला चटकन कळलं. कामशेतमध्ये सेंट्रिंगचा धंदा करणारा आणखी एक जण आहे, लोक आम्हाला भाऊ समजतात. तो माझा कुणीही नाही.

मग त्यांनी पंखांची गोष्ट सांगितली. यांच्यातल्या काही जातींत नर आणि मादी उडत येतात, लाकूड शोधतात, आणि आत शिरल्यावर एकमेकांचे पंख कुरतडून खातात. मग कुणी कुठं जायचं नाही. पिल्लं आतच जन्मतात, पांढरी, मऊ. आईबाप त्यांना सांभाळतात, आणि ती मोठी व्हायला वर्षं जातात. नुसत्या लाकडावर कुणाचं पोट भरत नाही, म्हणून पोटात सूक्ष्म जीव भाडेकरू ठेवलेले असतात, ते पचवायला मदत करतात. मी ही गोष्ट घरी येऊन सांगितली. आमची मंडळी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मान्सातबी तेच की. पन हितं एकीचेच कुरतडत्यात." मी जेवून लवकर बाहेर पडलो.

विहीणबाईंचा खरा प्रश्न त्या आडव्या झाडातल्या कुटुंबाचा होता. त्याच्या सालीखाली त्यांना एकदा एक मेलेलं झुरळ सापडलं होतं, त्यावरून घराणं कळलं. पण जात ठरेना. शेपटाकडच्या कडेचे दाते वेगळे, ढालीवरचा खळगा वेगळा. आजवर कुणी नोंदलेल्यांत ते बसत नव्हतं. आणि जातीपेक्षाही त्यांना जे हवं होतं ते निराळंच होतं. आत पिल्लांजवळ आई एकटी असते, की बापही असतो? हे समजलं की त्या किड्याला नातेवाइकांत कुठं बसवायचं याचा निदान अंदाज येईल, असं त्या म्हणायच्या. मी सरळ माणूस, म्हणालो, "कुऱ्हाड आणतो, दोन घाव घालू, बघून टाका. तुमचाही प्रश्न सुटला, माझीही वाट." त्या म्हणाल्या, "फोडल्यावर पहिल्या क्षणाला सगळे जागच्या जागी असतात. मग पळापळ. तरुणपणी मी खूप लाकडं फोडली, भाऊ. तेवढा एक क्षण बघायला घर मोडायचं, हे आता होत नाही माझ्याच्यानं. हे लाकूड आपणहून भुसभुशीत होईल, आपणहून उघडेल. तेव्हा बघू."

मी सौदा सोडणारा नव्हे. क्रेननं अख्खं झाड अलगद उचलून बाजूला ठेवायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, ओल बदलली की संपलं. मग त्याच जंगलातली दुसरी पडलेली झाडं दाखवली, याहून मोठी, याहून कुजकी. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी सून बघायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात का, ही नको, दुसरी दाखवतो?" मी एवढंच विचारलं की ही झुरळं हे झाड खाऊन कधी संपवतील. त्यांनी ओठ मिटले, वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या नातवंडांना घर नक्की बांधता येईल."

तेव्हापासून मी जागेवर जाऊ लागलो, झुरळांचं खाणं कुठवर आलं ते बघायला. तोंडानं शिव्या आणि मनात "खा बाबांनो, भरपेट खा." झाडाच्या बुडाशी भुसा पडलेला दिसला की बरं वाटायचं. विहीणबाई बहुतेक वेळा तिथं असायच्याच. पाठीला सॅक, पायात गमबूट, आणि गळ्यात स्टेथोस्कोप. होय, डॉक्टरचा. झाडाला ठिकठिकाणी तो लावून त्या डोळे मिटून बसायच्या. एकदा वरच्या वाडीचे आबा गुरं घेऊन चालले होते, ते थांबले. "मावशी, ताप हाय का लाकडाला?" विहीणबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "ताप नाही आबा, पोटात गडबड आहे." आबांनी गंभीरपणे मान हलवली. "मग ओवा द्या," म्हणाले आणि गुरांमागं गेले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ओव्याचा विचार खरंच केला असावा.

एके दिवशी त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला. मी नको म्हणत होतो. आधी काहीच आलं नाही, मग फार बारीक, फार सावकाश करकर आली. थांबायची, पुन्हा यायची. लाकडाशी मी आयुष्यभर व्यवहार केला. करवतीचा, रंध्याचा, खिळ्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. पण लाकूड आतून बोलतं हे मला माहीत नव्हतं. मी बराच वेळ ऐकत राहिलो. नळी काढली तेव्हा विहीणबाई दुसरीकडे बघत होत्या, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ती त्यांची सवयच आहे. कुणाला काही लागलं, कुणाचे डोळे भरले, की त्या एकदम एखाद्या पानाकडे निरखून बघू लागतात.

त्यानंतर मी काय काय केलं ते आमच्या मंडळीला विचारा, ती पदर तोंडाला लावून सांगते. भर उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा झाडाची ओल राहावी म्हणून टेम्पोतून पाण्याचे ड्रम नेले. होळीच्या आधी वाडीत जाऊन सगळ्यांना बजावलं की माझ्या ओंडक्याला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. स्वतःच्या धंद्यात वाळवीचं औषध फवारताना हात थांबू लागला. नातेवाईक विचारायचे, "घराचं कुठवर आलं?" मी म्हणायचो, "आत लोक राहतात." मुलीचा फोन आला की ती आधी सासूची चौकशी करायची, मग झाडाची, आणि शेवटी बापाची.

हे सगळं गेल्या हिवाळ्यापर्यंत. त्या भागात आता तंबूवाले फार झालेत. शनिवार-रविवारी शहरातून पोरंपोरी येतात, तंबूत राहतात, शेकोटी पेटवतात, गाणी लावतात. माझी तक्रार नाही, धंदा आहे. पण एका सोमवारी मी जागेवर गेलो तर वाट मोकळी होती. कातळापासून ओढ्यापर्यंत मोकळी. जमिनीवर ओढत नेल्याची ओली खूण, सालीचे तुकडे, आणि टायरचे ठसे. इतकी वर्षं जे डोळ्यांसमोर हवं होतं तेच समोर होतं, ट्रक सरळ आत गेला असता, आणि मी तिथं उभा राहून मोठमोठ्यानं शिव्या देत होतो. ऐकायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी रस्त्याकडचे सगळे तंबूवाले पालथे घातले. एका ठिकाणचा मॅनेजर, चांगला चाळिशीचा माणूस, खुर्चीतून न उठता म्हणाला, "काका, लाकूड टेम्पोवाला टाकतो. कुटनं आणतो ते आमी विचारत न्हाई." मी म्हणालो, "तू विचारत नाहीस म्हणूनच तो आणतो." आवाज चढला, गर्दी जमली. शेवटी त्यानंच वैतागून मागच्या बाजूला बोट केलं. "कुजकं निगालं, जळंना. फोडून बगितलं, मग फेकून दिलं. घिऊन जा तुमचं सोनं." कचऱ्याच्या ढिगाशेजारी अर्ध्या लांबीचा ओंडका पडला होता, तोही उभा चिरलेला. आतल्या वाटा, खोल्या, सगळं उघडं, दुपारच्या उन्हात. आत कुणी नव्हतं. फोडलं कुणी ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. शनिवारच्या गर्दीत कुणीतरी हातात कुऱ्हाड घेतली, एवढंच.

तो अर्धा ओंडका मी तुंगार्लीला नेला. वाटेत ठरवत होतो, बाईंना कसं सांगायचं. दार उघडल्यावर टेम्पोकडे बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग बाहेर जाऊन त्या उघड्या खोल्यांवरून बोट फिरवत राहिल्या, लहान मुलाच्या केसांतून फिरवावं तसं. परत आल्या आणि म्हणाल्या, "वाट मोकळी झाली, भाऊ. आता घर बांधा." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच माझा संताप झाला. मी म्हणालो, "मला शिकवू नका. मी शब्द दिला होता तुम्हाला. तो शब्द कुणी मोडला ते मला शोधायचंय." त्या खिडकीतल्या मिठाच्या बरणीकडे निरखून बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मोडणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला काय माहीत. पण तो पहिला क्षण कुणीतरी पाहिलाय. मला आयुष्यभर जे बघायचं होतं ते एका अनोळखी माणसानं बघितलं, आणि त्याला कळलंही नसेल."

दोघांनी मिळून तो ओंडका पुन्हा ओढ्याकाठी नेऊन ठेवला. मी म्हणालो कडेला ठेवू, त्या म्हणाल्या होता तिथंच ठेवू, कधीतरी दुसरं कुणी राहायला येईल. अर्ध्या ओंडक्यानं अर्धी वाट अडते, आणि अर्ध्या वाटेवरून ट्रक जात नाही. तो सौदाही मी हरलो. विहीणबाई आता थकल्या आहेत. ओढ्यापर्यंत चालवत नाही म्हणून दर आठवड्याला मी जाऊन येतो आणि काय दिसलं ते त्यांना सांगतो. काही दिसत नाही. ते ऐकूनही त्या समाधानानं मान हलवतात आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठतात.

म्हणून हे लिहितोय. त्या शनिवारी ज्यानं कुऱ्हाड चालवली त्याला माझं सांगणं आहे. मला भरपाई नको, मी पोलिसांत जाणार नाही, भांडणारही नाही, आणि माझ्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नाही. पण लाकूड दुभंगलं तेव्हा आत काय होतं ते तू पाहिलंयस. बिनपंखांचा काळा मोठा किडा एक होता की दोन होते? दोन असतील तर दोघंही पिल्लांजवळ होते का? तुंगार्लीला ये, कुणालाही विचार, झुरळांच्या बाईंचं घर दाखवतील. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, पण रचून सांगू नकोस, त्यांना कळतं. त्या रोज संध्याकाळी दारात बसलेल्या असतात. ये, आणि त्यांना उत्तर दे.